घरात सोलर बॅटरी बसवली, आता ती वापरायची कशी: ठाणे-नवी मुंबईसाठी टप्प्याटप्प्याने

गेल्या जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस झाला त्या रात्री दीडच्या सुमारास शेजारच्या काकांनी दार वाजवलं. हातात टॉर्च, अंगात बनियन. "अरे, एवढे पैसे घातले या सोलरमध्ये आणि माझ्याच घरात अंधार. तुझा पंखा फिरतोय कसा?"

जाऊन बघितलं तर बॅटरी १८ टक्क्यांवर येऊन थांबली होती. बिघाड काहीच नव्हता. सूर्य मावळला की घर आधी बॅटरीवर चालवायचं आणि बॅटरी उतरली की मग ग्रीडवर, म्हणजे महावितरणच्या लाईनवर जायचं, असं सेटिंग कुणीतरी करून ठेवलं होतं. त्यामुळे संध्याकाळी लाईट असतानाच टीव्ही, तीन पंखे आणि बेडरूमचा एसी यांनी मिळून बॅटरी संपवली. खरंच लाईट गेली तेव्हा तिच्यात द्यायला काही उरलं नव्हतं.

मी नेरुळला रो-हाऊसमध्ये राहतो. ओळखीपाळखीतल्या दहा-बारा घरांतले इन्व्हर्टर उघडून बघायची वेळ आली, तेव्हा बहुतेक ठिकाणी यंत्रं धडधाकट होती, कामाचा क्रम तेवढा चुकला होता. आधी बॅटरी विकत घ्यायची, मग वायरिंग, मग लोडचा हिशेब, आणि सेटिंग कधीच नाही. खाली दिलेला क्रम नेमका याच्या उलटा आहे. सिस्टीम बसवून झाली असली तरी पहिल्या टप्प्यापासूनच सुरुवात करा.

टप्पा १: भिंतीवर नक्की काय टांगलंय ते ओळखा

तीन प्रकार असतात. पहिला नुसता ऑन-ग्रीड इन्व्हर्टर, बॅटरीशिवाय. दुसरा हायब्रिड: पॅनेल, बॅटरी आणि महावितरणची लाईन तिन्ही एकाच यंत्रात येतात. तिसरा आपला जुना घरगुती इन्व्हर्टर, त्याला ट्युब्युलर (पाणी भरायच्या) बॅटऱ्या आणि सोबत सोलर चार्ज कंट्रोलर.

पहिल्या प्रकारात लाईट गेली की सोलरही बंद पडतं, मग बाहेर कितीही ऊन असो. हा दोष नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. लाईन बंद करून खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून उलट्या आलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून ग्रीड गेली की हा इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. "सोलर बसवलं, आता लाईट जाण्याची चिंता मिटली" असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे हेच यंत्र असतं. त्याला नंतर बॅटरी जोडायची तर इन्व्हर्टर बदलावा लागतो किंवा शेजारी वेगळा बॅटरी-इन्व्हर्टर बसवावा लागतो.

पैशांचं एवढंच सांगतो. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून जास्त असेल तर एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. ते पॅनेलच्या क्षमतेवर मोजतात. बॅटरीचा खर्च तुमचा तुम्हीच धरायचा.

*तपासा:* इन्व्हर्टरच्या खालून निघणाऱ्या वायरींवर 'ग्रीड' आणि 'बॅकअप' (काही कंपन्या 'लोड' किंवा 'ईपीएस' लिहितात) अशी दोन वेगळी नावं आहेत का? नसतील तर हायब्रिड म्हणून तुमच्या गळ्यात दुसरंच काही मारलेलं असण्याची शक्यता आहे.

फ्लॅटवाल्यांसाठी एक गोष्ट. गच्ची सोसायटीची असते, त्यामुळे पॅनेल लावायचे तर आधी सोसायटीची लेखी संमती घ्या. घोडबंदर रोडवरच्या वीस-बावीस मजली टॉवरमध्ये गच्चीपासून चौथ्या मजल्यापर्यंत पॅनेलची डीसी केबल आणणं परवडतही नाही आणि शहाणपणाचंही नाही. अशा घरी ग्रीडवर चार्ज होणारी बॅटरी पुरते. पुढचे बरेचसे टप्पे तिलाही लागू आहेत.

टप्पा २: कागद-पेन घेऊन लोड लिहा

हा टप्पा लोक टाळतात आणि नंतर सगळं इथेच अडतं. घरभर फिरा, प्रत्येक वस्तूच्या मागचं लेबल वाचा आणि एका कागदावर तीन रकाने करा: वस्तू, वॉट, लाईट नसताना किती तास लागेल.

साधारण आकडे असे. एलईडी दिवा ९ वॉट. जुना सीलिंग फॅन ७५, कमी वीज खाणारा बीएलडीसी फॅन ३० च्या आसपास. वायफाय राउटर १२. फ्रिज चालू असताना दीडशेच्या घरात, पण तो चालू-बंद होत असल्याने रात्रभराची सरासरी ५० धरा. मिक्सर ५०० ते ७५०, इस्त्री १,०००, गिझर आणि इंडक्शन प्रत्येकी २,००० च्या आसपास. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी सुरुवातीला दीड हजार, खोली थंड झाली की खाली येतो.

एक वस्तू मात्र कुणीच लिहीत नाही: खुद्द इन्व्हर्टर. पाच किलोवॉटचा हायब्रिड नुसता जागा राहायला ५० वॉटच्या आसपास खातो. म्हणजे दिवसाला सव्वा युनिट.

आता बॅटरी. लिथियम आयर्न फॉस्फेटचा घरगुती मॉड्यूल बहुतेक ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरचा असतो. गुणाकार केला की ५.१२ युनिट. त्यातले तळाचे दहा टक्के हातचे ठेवा, बॅटरीतली डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलताना जाणारे वजा करा, हातात सव्वाचार युनिट येतात. १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या असतील तर कागदावर ३.६ युनिट. पण ट्युब्युलर निम्म्यापेक्षा जास्त उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, आणि इन्व्हर्टरमध्येही काही जातात. हातात येतात फार तर दीड युनिट.

माझ्या घरचा रात्रीचा हिशेब: तीन जुने पंखे २२५, फ्रिज ५०, राउटर १२, जिन्यातला आणि बाथरूमचा दिवा मिळून २०, इन्व्हर्टर ५०. बेरीज ३५७ वॉट. लिथियमवर हे जवळपास बारा तास चालतं, ट्युब्युलरवर जेमतेम चार. नुसते तीन पंखे बीएलडीसी केले की बेरीज २२२ वर येते आणि तीच लिथियम बॅटरी एकोणीस तास जाते. दुसरा बॅटरी मॉड्यूल घ्यायच्या आधी पंखे बदला, असं मी भेटेल त्याला सांगतो. ऐकतात निम्मे.

*सावधान:* वॉटची बेरीज बसली म्हणजे काम झालं असं नाही. पाण्याची १ एचपीची मोटर चालताना हजार-अकराशे वॉट घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या तीन ते पाच पट ओढते. इन्व्हर्टर त्या झटक्यातच ट्रिप होतो आणि सगळं घर अंधारात जातं. फ्रिजच्या कॉम्प्रेसरचंही तेच, फक्त आकडा लहान.

टप्पा ३: बॅकअपची डीबी वेगळी, न्यूट्रलही वेगळा

लोडची यादी झाली की तिचे दोन भाग करा. लाईट गेल्यावर चालायलाच हवं ते एका बाजूला, बाकीचं दुसऱ्या. पहिल्या भागासाठी वेगळी छोटी डीबी (एमसीबी बसवतात तो डबा) बसवा आणि ती इन्व्हर्टरच्या बॅकअप आउटपुटवर घ्या. गिझर, इस्त्रीचा सॉकेट, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, पाण्याची मोटर जुन्या मेन डीबीवरच राहू द्या. एसी हवाच असेल तर एकच, आणि तोही बॅटरीचे किमान दोन मॉड्यूल असतील तर.

खरी गोची न्यूट्रलची. आपल्याकडे वायरमन फेज वेगळे काढतात आणि न्यूट्रल सगळे एका पट्टीवर बांधतात, वर्षानुवर्षांची सवय. बॅकअपच्या सर्किटचा फेज इन्व्हर्टरमधून आला आणि न्यूट्रल परत मेनच्या पट्टीवर गेला, की आरसीसीबीला (झटका बसू लागला की लाईन तोडणारा सुरक्षा स्विच) जाणाऱ्या आणि येणाऱ्या करंटचा मेळ लागत नाही आणि तो ट्रिप होतो. माझ्या घरी पहिल्या आठवड्यात दिवसातून चार वेळा आरसीसीबी पडायचा. बसवणाऱ्याने पाठवलेल्या माणसाने त्यावर काढलेला उपाय ऐका: त्याने आरसीसीबीच काढून टाकला. "साहेब, आता पडणार नाही." खरंच पडला नाही. झटका बसला असता तरी पडला नसता. दुसऱ्या दिवशी मी आमच्या जुन्या वायरमनला बोलावलं. हॉलच्या आणि स्वयंपाकघराच्या सर्किटचे न्यूट्रल त्याने एकेक करून सोडवले, निळी टेप लावली आणि वेगळ्या पट्टीवर घेतले. दोन तासांचं काम होतं. आरसीसीबी परत आला आणि तेव्हापासून विनाकारण एकदाही पडलेला नाही.

*तपासा:* मेन बंद करून घर बॅकअपवर आणा आणि मल्टिमीटरने बॅकअप सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या. शून्याच्या आसपास, फार तर दोन-तीन व्होल्ट दिसायला हवा. शंभरच्या पुढे दिसला तर बॅकअपवर असताना न्यूट्रल अर्थला जोडलेला नाही आणि आरसीसीबी नावापुरताच उरला आहे. त्याचं टेस्ट बटण दाबून हे कळत नाही, बटण या स्थितीतही त्याला पाडतं. हे माप वायरमनकडून समोर उभं राहून करून घ्या.

सगळं झालं की बॅकअपवर असलेल्या प्रत्येक सॉकेटच्या कोपऱ्यात हिरव्या टेपचा तुकडा चिकटवा. घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनाही, एकच नियम सांगा: हिरव्या सॉकेटमध्ये इस्त्री आणि किटली नाही.

टप्पा ४: बॅटरीची जागा

ऊन, पाणी, वाट आणि हवा. या चार गोष्टी बघायच्या.

पश्चिमेच्या बाल्कनीत बॅटरी ठेवू नका. एप्रिल-मेच्या दुपारी ती भिंत हात लावू देत नाही, आणि उष्णतेइतकं बॅटरीचं आयुष्य दुसरं काही खात नाही. घराबाहेर पडायच्या एकमेव वाटेवर, दाराशेजारीही नको. काही झालं तर बाहेर पडायचा रस्ताच बंद व्हायला नको.

पाण्याचं इथे विशेष सांगायला हवं. नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीत भराव घालून झालेला आहे, म्हणून तर सिडकोने भरतीचं पाणी आणि पावसाचं पाणी सांभाळायला होल्डिंग पाँड बांधले. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल सेक्टरमध्ये तळमजल्यावर पाणी येतं. तुमचं घर तळमजल्यावर असेल तर बॅटरी जमिनीवर ठेवू नका. पूर्वी कधी घरात पाणी शिरलं असेल तर ती खूण शोधा आणि बॅटरी तिच्यावर किमान दोन फूट घ्या. ५ युनिटचा लिथियम मॉड्यूल पंचेचाळीस-पन्नास किलोचा असतो, तेव्हा ब्रॅकेट विटेच्या भिंतीत पक्कं बसवा. जिप्समच्या पार्टिशनवर टांगलेलाही मी पाहिला आहे.

ट्युब्युलर असेल तर हवा खेळती हवी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. पायऱ्यांखालच्या बंद कपाटात नको, आणि देवघराला लागून तर नकोच. एका घरी बॅटरीच्या ट्रॉलीवरच पाट टाकून समई ठेवलेली होती.

टप्पा ५: सेटिंग

काहीही बदलायच्या आधी इन्व्हर्टरच्या प्रत्येक स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. मग पुढच्या गोष्टी याच क्रमाने.

(अ) बॅटरीचा प्रकार. लिथियमला लिथियमच निवडलेलं असायला हवं. १६ सेलच्या लिथियम पॅकचं चार्जिंग ५६ ते ५७ व्होल्टच्या आत आटोपतं. ट्युब्युलरच्या सेटिंगमध्ये अधूनमधून 'इक्वलायझेशन' होतं आणि ४८ व्होल्टच्या बँकेत ते ५८-६० व्होल्टपर्यंत नेतात. ते लिथियमला लागलं की तिचा बीएमएस (बॅटरीच्या आतलं तिला सांभाळणारं सर्किट) स्वतःला तोडून घेतो आणि तुम्ही 'बॅटरी खराब निघाली' म्हणून तक्रार करत बसता.

(आ) संदेशाची केबल. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यात इंटरनेटच्या केबलसारखी एक बारीक केबल असते. ती लावलेली नसली तरी सिस्टीम चालते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मग इन्व्हर्टर नुसत्या व्होल्टेजवरून टक्के ओळखायला बघतो, आणि लिथियमचा व्होल्टेज ९० टक्क्यांपासून २० पर्यंत जवळजवळ एकसारखाच राहतो. पडद्यावर ६५ टक्के दिसताना पाच मिनिटांत बत्ती गुल होते ती यामुळे.

(इ) चार्जिंगचा करंट. १०० अँपिअर-अवरच्या लिथियमला ५० अँपिअर भरपूर. ट्युब्युलरला क्षमतेच्या एक दशांश: १५० ची असेल तर १५ अँपिअर, दोन सिरीजमध्ये असल्या तरी १५ च.

(ई) प्राधान्य. काकांचा घोळ इथे होता. यंत्रावर 'एसबीयू' आणि 'एसयूबी' अशी अक्षरं दिसतील. एसबीयू म्हणजे आधी सोलर, मग बॅटरी, शेवटी ग्रीड. एसयूबी म्हणजे आधी सोलर, मग ग्रीड, आणि ग्रीड गेली तरच बॅटरी. कंपनीप्रमाणे नावं बदलतात, अर्थ हेच.

तुमच्याकडे नेट मीटर (ग्रीडला दिलेली वीजही मोजणारा) असेल तर माझं स्पष्ट मत: एसयूबी ठेवा. दिवसा जास्तीची वीज ग्रीडवर जाते, तिचे युनिट बिलात वजा होतात, उरलेले आर्थिक वर्ष संपेपर्यंत पुढच्या महिन्यांत ओढले जातात. तीच वीज बॅटरीत घालून रात्री काढली तर शंभरातले दहा-पंधरा वाटेतच जातात, आणि बॅटरी रोज झिजते ती वेगळी. 'रोज वापरली नाही तर बॅटरीचा उपयोग काय' असं वसूल करायच्या हिशेबाने बोलणारे भेटतील. आग विझवायचं सिलिंडरही आपण रोज उडवत नाही. नेट मीटर नसेल, दुपारची वीज वाया जात असेल, तर एसबीयू योग्य, पण राखीव टक्के ठरवून.

(उ) राखीव. एसबीयू वापरणाऱ्यांनी 'इतक्या टक्क्यांवर परत ग्रीडवर जा' हा आकडा मेपासून ऑक्टोबरपर्यंत ८० ठेवावा. बाकीच्या महिन्यांत ५० चालेल. वळवाच्या पहिल्या वादळात झाडांच्या फांद्या तारांवर पडतात आणि लाईट जाते ती बहुधा रात्री. 'इतक्यावर परत बॅटरीवर ये' हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा दहा-पंधरा टक्के वर हवा. दोन्ही चिकटवून ठेवले की इन्व्हर्टर सारखा इकडून तिकडे टकटक करत राहतो.

(ऊ) ग्रीडवरून चार्जिंग चालू ठेवा, निदान पावसाळ्यात. वर्षभराच्या सरासरीने एक किलोवॉट पॅनेल रोज चार युनिट देतं, पण जुलैमधल्या सलग पावसात एक-दीडवरही येतं. तीन किलोवॉटवाल्याला दिवसभरात साडेतीन-चार युनिट मिळाले, त्यातला सव्वा इन्व्हर्टरनेच खाल्ला, उरलेल्यात घर चालवायचं की बॅटरी भरायची?

*तपासा:* लिथियम पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण १०० टक्क्यांपर्यंत जाते ना? त्या वेळी बीएमएस सेल एका पातळीवर आणतो आणि टक्क्यांचा हिशेब सुधारतो. महिनोन्महिने ६० ते ८५ मध्ये फिरणाऱ्या बॅटरीच्या टक्क्यांवर विश्वास ठेवू नका.

टप्पा ६: मुद्दाम लाईट घालवून बघा

सेटिंग केलं म्हणजे जमलं असं समजू नका. एखाद्या रविवारी सूर्य मावळल्यावर ही तालीम करा. दिवसा केली तर पॅनेल मदत करतात आणि बॅटरीचा खरा अंदाज येत नाही.

१. बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. वेळ आणि टक्के लिहा.
२. डेस्कटॉप कॉम्प्युटर बंद करा. हायब्रिड १०-२० मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, तरी काही कॉम्प्युटर तेवढ्यात रीस्टार्ट होतात.
३. महावितरणकडून येणारा मेन एमसीबी खाली करा.
४. कुठल्या खोलीत काय चालू राहिलं ते फिरून बघा. एखादा विसरलेला दिवा किंवा राउटरचा सॉकेट इथे हमखास सापडतो. आमच्याकडे फ्रिजच मेनवर राहिला होता.
५. रोजच्या रात्रीसारखं दोन तास राहा. मग टक्के लिहा.
६. मेन वर करा आणि इन्व्हर्टर आपोआप ग्रीडवर परत येतो का ते पाहा. काही यंत्रं ग्रीड स्थिर आहे का हे तपासायला काही मिनिटं घेतात, घाबरू नका.

दोन तासांत गेलेले टक्के आणि टप्पा २ मधला कागद शेजारी ठेवा. हिशेबाच्या दीडपट गेले असतील तर कुठली तरी वस्तू यादीबाहेर चालू आहे. माझ्या मावशीकडे नौपाड्यात तो चोर निघाला माळ्यावरचा पाणी तापवायचा जुना छोटा गिझर. त्याचा दिवा गेलेला, गिझर चालू.

दिवसा तालीम केली तर एक गंमत दिसेल. बॅटरी भरलेली, ऊन रणरणतं, आणि पॅनेलचं उत्पादन अचानक तीनशे वॉटवर. पॅनेल बिघडलेले नाहीत. ग्रीड नाही, बॅटरीत जागा नाही, घराला तेवढंच हवं, म्हणून इन्व्हर्टर तेवढंच घेतो. अशा वेळी मिक्सर लावून घ्या, हिरव्या सॉकेटचा नियम तेवढ्यापुरता मोडून इस्त्रीही चालेल, इन्व्हर्टरची क्षमता बघून.

टप्पा ७: खरोखर लाईट गेली की

पहिली पाच मिनिटं काही करू नका, फक्त खिडकीतून बघा. समोरच्या बिल्डिंगमध्ये लाईट असेल तर दोष तुमच्या घरात किंवा मीटर रूममध्ये आहे. सगळीकडे अंधार असेल तर फीडर (सगळ्या भागाला वीज देणारी लाईन) गेलाय, १९१२ वर तक्रार नोंदवा. कळवा, मुंब्रा, शीळ भागात बिल टोरेंटचं येतं, तिथे बिलावरचा क्रमांक लावा.

मग एसी बंद, टीव्ही बंद, ज्या खोलीत माणूस नाही तिथला पंखा बंद. फ्रिज सारखा उघडू नका. बॅटरी ५० वर आली आणि लाईटचा पत्ता नसेल तर सगळ्यांनी एका खोलीत झोपायचं, पंखे दोनवर आणायचे. ३० वर फ्रिज बंद. दार न उघडता तो तीन-चार तास सहज गारवा धरतो. २० वर एक पंखा, राउटर आणि मोबाइल.

*सावधान:* १५ टक्क्यांच्या खाली गेलात तर इन्व्हर्टर आपण होऊन कटऑफला जायची वाट बघू नका, लोड स्वतः बंद करा. बरेच हायब्रिड नुसत्या पॅनेलवर उठत नाहीत, त्यांना सुरू व्हायला बॅटरीत थोडा जीव लागतो. पूर्ण झोपलेली बॅटरी घेऊन सकाळच्या उन्हाकडे बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

टप्पा ८: मे महिन्यातली गच्ची

पावसाळा सुरू झाल्यावर गच्चीवर काही करता येत नाही. जे करायचं ते २५ मेच्या आत.

नट-बोल्ट बघा. खाडीच्या वाऱ्यात मिठाचा अंश असतो, ऐरोली-नेरुळच्या गच्चीवर साधा बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतो. पॅनेलच्या जोडणीचे एमसी-फोर कनेक्टर स्लॅबवर लोळत असतील तर उचलून स्ट्रक्चरला बांधा, पाण्यात बुडाले की इन्व्हर्टर 'इन्सुलेशन फॉल्ट' दाखवून बंद पडतो आणि ऊन पडल्यावर आपोआप बरा होतो. हे दुखणं शोधायला महिने जातात. डीसी बॉक्समधल्या एसपीडीची (विजेची लाट स्वतःवर घेणारा भाग) छोटी खिडकी हिरवी आहे का पाहा. लाल झाली असेल तर विजेच्या लाटेचा मार त्याने आधीच एकदा खाल्लाय, कार्ट्रिज बदला. बॉक्सच्या केबल ग्लँडमधून मुंग्या जात असतील तर पाणीही जाणार. पॅनेलखाली कबुतरांनी घरटं केलं असेल तर जाळी लावा.

धुवायचं सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. बोअरचं पाणी असेल तर वायपरने पुसून घ्या, नाहीतर पांढरे डाग बसतात.

सावलीचं डिसेंबरात बघायचं, तेव्हा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि भर दुपारीही टाकीची सावली उत्तरेला जवळजवळ टाकीच्या उंचीइतकी पडते. मेमध्ये सूर्य डोक्यावर असताना केलेली पाहणी या बाबतीत फसवी.

ट्युब्युलरवाल्यांनी याच दिवशी पाणी बघावं. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर भरायचं, आधी नाही. प्लेट उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील इतकं घालून मग चार्ज करा. पाणी डिस्टिल्डच, आरओचं नव्हे.

टप्पा ९: बंद आणि चालू करायचा क्रम

हा कागदावर लिहून इन्व्हर्टरशेजारी चिकटवा, मोबाइलमध्ये नको. लागेल तेव्हा मोबाइलची बॅटरी गेलेली असते.

बंद करताना: घरातले लोड, मग ग्रीडचा एमसीबी, मग पॅनेलचा डीसी आयसोलेटर (पॅनेलची लाईन तोडायचा स्विच), मग इन्व्हर्टरचा स्विच, शेवटी बॅटरीचा ब्रेकर. चालू करताना बहुतेक यंत्रांत बॅटरी आधी, मग इन्व्हर्टर, मग पॅनेल, मग ग्रीड, शेवटी लोड. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर पुस्तिकेचं ऐका.

*सावधान:* चालू लोडवर एमसी-फोर कनेक्टर ओढून काढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी विझत नाही, लांबत जाते. आणि सगळं बंद केलं तरी उजेड आहे तोवर पॅनेलपासून आयसोलेटरपर्यंतची केबल जिवंतच असते. अग्निशमन दलाला बोलवायची वेळ आली तर गच्चीवर सोलर आणि घरात लिथियम बॅटरी आहे हे फोनवरच सांगा.

टप्पा १०: गणपतीला गावी जाताना

आठ-दहा दिवस घर बंद राहणार असेल तर लोक दोन टोकाच्या चुका करतात. एक, जाताना मेन पाडून जातात. मग फ्रिज आणि इन्व्हर्टर बॅटरीवर चालतात, पॅनेल नसतील किंवा पावसात पुरे पडत नसतील तर काही दिवसांत ती रिकामी होते आणि उरलेले दिवस तशीच पडून राहते. ट्युब्युलरला तर हे विषच, उतरलेल्या प्लेटवर सल्फेटचे खडे धरतात. दुसरी चूक, इन्व्हर्टर बंद करतात पण बॅटरीचा ब्रेकर तसाच ठेवतात.

लिथियम असेल आणि सगळंच बंद करायचं असेल तर बॅटरी ६० टक्क्यांच्या आसपास आणा आणि टप्पा ९ च्या क्रमाने ब्रेकरपर्यंत सगळं बंद करा. नेट मीटर असेल आणि युनिट गमवायचे नसतील तर सिस्टीम चालू राहू द्या, एसयूबीवर, आणि बॅकअप डीबीतले फ्रिज-राउटर सोडून बाकीचे एमसीबी पाडा. ट्युब्युलर असेल तर इन्व्हर्टर चालूच ठेवा म्हणजे ती भरलेली राहील, आणि निघायच्या आधी पाण्याची पातळी बघा.

शेजाऱ्यांकडे किल्ली देता तेव्हा चिकटवलेला कागदही दाखवून ठेवा. यंदा आम्ही कणकवलीला होतो तेव्हा काकांनी चौथ्या दिवशी फोन करून सांगितलं, "तुझा इन्व्हर्टर बीप बीप करतोय, स्क्रीनवर शून्य-चार की काहीतरी आलंय." मी बॅटरीचा ब्रेकर बघायला सांगितलं. मांजराने उडी मारून तो पाडला होता. आता त्याच्यावर प्लास्टिकचं झाकण आहे, चाळीस रुपयांचं.